रिपोर्ट चांगले आहेत, माणूस कसा आहे?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत बी विंगमधील एका सभासद भगिनींनी सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा हा लिखित पाठ. भाषणातली बोलीभाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. छत्तीस वर्षं मी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते, त्यातली शेवटची अकरा वर्षं पोटाच्या आजारांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून. वॉर्डात माझा आवाज दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. इथे मात्र घशाला कोरड पडली आहे, कारण आज जे सांगायचं आहे ते वॉर्डातलं कमी आणि घरातलं जास्त आहे.

या मालेत गुडघ्यांवर व्याख्यान झालं तेव्हा हॉल भरला होता, बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. आज जरा मोकळंच दिसतंय. विषयाचं नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटलं असेल, लिव्हर आणि डिप्रेशन यांचा काय संबंध? पण मटणाच्या दुकानात आपण काळीज मागतो तेव्हा दुकानदार लिव्हरच देतो की नाही? आणि लेक सासरी निघाली की आपलं तुटतं तेही काळीजच. दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. मला मात्र छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही हा संबंध वेळेवर कळला नाही.

आमचे हे पहिल्या रांगेत बसले आहेत. काय सांगायचं आणि काय नाही, हे आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं आहे. म्हणाले, "सगळं सांग. फक्त माझं वजन सांगू नकोस."

जुन्या सभासदांना माहीत आहे, हे चौदा वर्षं सोसायटीचे खजिनदार होते. ताबा मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गच्ची गळली, तेव्हा घरोघर जाऊन वर्गणी गोळा करणाऱ्यांत हे होते. हिशोबात एका रुपयाचा फरक आला तरी रात्री बारापर्यंत वह्या घेऊन बसायचे. अशा माणसाला सहा वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीत लिव्हर सिरोसिस निघाला. वीस वर्षांचा मधुमेह, पोटावरची चरबी, त्यातून फॅटी लिव्हर, आणि त्यातून हळूहळू लिव्हर कडक होत गेलेलं. लिव्हर दुखत नाही, त्यामुळे कळलंही नाही.

बातमी बिल्डिंगभर पसरायला दोन दिवस लागले. लिफ्टमध्ये मी असताना कोणीतरी हळूच म्हणालं, "घेत असणार. दिसत नव्हतं एवढंच." ह्यांनी कोजागिरीच्या मसाला दुधापलीकडे कशाला हात लावलेला नाही. मी तेव्हा भांडले असते, पण थांबले. कारण माझ्या मनात आलं, समजा घेत असते, तर? मग त्यांना आजारी पडायचा हक्क नव्हता का? माझ्या वॉर्डात दारूने लिव्हर गेलेले कितीतरी पेशंट होते. त्यांच्याशी आम्ही सगळेच जरा कमी बोलायचो. आज त्याची मला लाज वाटते.

पहिलं वर्ष धावपळीत गेलं. पोटात पाणी झालं, दोनदा ॲडमिट करावं लागलं. मग गोळ्या लागू पडल्या. मीठ कमी केलं, पापड-लोणचं बंद झालं, रात्री झोपण्याआधी काहीतरी खायचं सुरू झालं. पोट उतरलं. बिलिरुबिन खाली आलं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "व्हेरी गुड." मी देवापुढे साखर ठेवली.

आणि त्याच महिन्यांत माणूस बिघडत चालला होता.

हे संध्याकाळी खाली कट्ट्यावर जाईनासे झाले. मी म्हटलं, थकवा आहे, लिव्हरचा पेशंट थकणारच. रात्री दोन-तीनला जागे असायचे. म्हटलं, लिव्हरमध्ये झोप बिघडतेच. ताटात अर्धी पोळी उरायची. म्हटलं, अळणी जेवण, बिचाऱ्यांना कसं जाणार? प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर पुस्तकात बरोबर होतं. त्या वर्षी वार्षिक सभेलाही हे आले नाहीत. दुरुस्ती फंडावरून आधी वाद झाला होता, त्यामुळे तुमच्यातल्या काही जणांना वाटलं, रुसले. बरोबर ना? तुमचं काही चुकलं नाही. घरात राहून मलाच कळत नव्हतं.

मग एके दिवशी त्यांनी मला एक वही दिली. विम्याच्या पॉलिसी, बँकेची खाती, लॉकर, गॅसचं कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे ठेवलंय, सगळं एकेका पानावर, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, "बरं केलंत बाई, मला यातलं काही कळत नाही." हे माझं वाक्य मला अजून रात्री आठवतं. खजिनदार माणूस, हिशोब नीट लावतोय, एवढंच मी पाहिलं.

मला जाग आणली ती रद्दीने. हे रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. हॉस्पिटलच्या खाटेवर हाताला सलाईन असतानासुद्धा सोडवलेलं आहे. त्या दिवशी रद्दीवाला येणार म्हणून मी गठ्ठा बांधत होते, आणि वरच्या पेपरातलं कोडं कोरं दिसलं. दुसरा काढला, तोही कोरा. मी खाली जमिनीवर बसले आणि एकेक पेपर उलगडत गेले. सतरा पेपर. एकातही एक अक्षर भरलेलं नव्हतं.

थकलेला माणूस कोडं अर्धं सोडतो. दुपारी उठून पुन्हा हातात घेतो. सतरा दिवस पेनच न उचलणं हा थकवा नव्हता.

संध्याकाळी मी टीव्ही बंद केला आणि शेजारी बसले. विचारलं, "कोडं का सोडवत नाही?" म्हणाले, "सोडवून काय होणार आहे?" मग बऱ्याच वेळाने, "तुझ्यावर ओझं झालोय मी. वाटतं, झोपावं आणि उठूच नये." वॉर्डात मी हा प्रश्न परक्यांना विचारला आहे, घरात विचारताना जीभ उचलत नव्हती. तरी विचारलं, "स्वतःचं काही करून घ्यावं, असं मनात येतं का?" ते खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येतं. रोज नाही."

इथे एक गोष्ट सांगते. आपल्याला भीती असते, असं विचारलं तर नसलेलं डोक्यात घालू. तसं होत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. ह्यांनी नंतर मला तसं सांगितलं. त्या रात्री मी गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवला, पुण्याहून मुलाला बोलावलं, आणि त्यांना एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे होतो.

दीड वर्ष आम्ही त्या दवाखान्यात जात होतो. दर वेळी रक्त तपासलं, पोट तपासलं, वजन केलं. मन कसं आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. पण दोष एकट्या डॉक्टरांना कसा देऊ? त्यांच्या बाहेर चाळीस पेशंट होते. माझ्या घरात एकच होता.

आता माझ्यातली सिस्टर बोलते. कागद-पेन काढा.

लिव्हरच्या जुन्या आजारात डिप्रेशन इतर लोकांपेक्षा बरंच जास्त आढळतं. कारण फॅटी लिव्हर असो, हिपॅटायटिस बी किंवा सी असो, दारू असो. एक तर आजार लांबचा, खर्चाचा आणि लोक काय म्हणतील याचा. शिवाय शरीरात सतत चालू असलेल्या सुजेचा मेंदूवरही परिणाम होतो. त्यामुळे "मन घट्ट कर" असं म्हणून हे जात नाही. पूर्वी हिपॅटायटिस सीला इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, त्या इंजेक्शनांनीच कित्येकांना डिप्रेशन यायचं. आम्ही ते वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं आहे. आता त्या आजाराला गोळ्या आल्या आहेत, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर त्या मोफत मिळतात.

ओळखण्यातली अडचण अशी की थकवा, भूक न लागणं, झोप बिघडणं, वजन उतरणं, कामाचा वेग मंदावणं, ही लक्षणं दोन्हीकडची आहेत. लिव्हरचीही आणि डिप्रेशनचीही. म्हणून नुसत्या शरीराकडे पाहून निकाल लागत नाही. मनाची लक्षणं वेगळी शोधावी लागतात. आवडीच्या गोष्टीतला रस गेला का? नातवंड आलं तरी चेहरा हलत नाही का? "मी ओझं आहे", "माझ्याच कर्माने झालं", "आता काय उपयोग" असं बोलणं वाढलं का? माणसं टाळतात का? औषधं चुकवतात का, तपासणीच्या तारखा पुढे ढकलतात का? नाहीतर अचानक निरवानिरवीची भाषा? यातलं काही दिसलं तर लिव्हरच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका.

डॉक्टर दोन सोपे प्रश्न वापरतात, ते तुम्हीही विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत, एक, एखादी गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला, असं किती वेळा झालं? दोन, उदास किंवा हताश किती वेळा वाटलं? अजिबात नाही याला ०, काही दिवस याला १, निम्म्याहून जास्त दिवस याला २, जवळजवळ रोज याला ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा अधिक आली तर डॉक्टरांकडे जा आणि तोंडाने सांगा, "मन बरं नाही." यावरून आजार ठरत नाही, पण पुढे तपासायला हवं एवढं नक्की कळतं. ह्यांची बेरीज सहा आली होती. सहापैकी सहा.

उपचारांचं थोडक्यात सांगते. मानसोपचारतज्ज्ञांनी आधी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच दिसतो. मग लिव्हरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध ठरवलं. ते महत्त्वाचं आहे. मनाच्या बऱ्याचशा गोळ्या लिव्हरमधूनच शरीराबाहेर पडतात, म्हणून डोस कमी ठेवावा लागतो. काही गोळ्या लिव्हरच्या पेशंटला चालतच नाहीत. काहींनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची. गोळीबरोबर आठवड्यातून एकदा समुपदेशन आणि रोज संध्याकाळी गेटपर्यंत का होईना, चालणं.

पहिले दोन आठवडे काही फरक पडला नाही. मी मनातून खचले होते, पण ही औषधं वेळ घेतात. पाचव्या आठवड्यात एका सकाळी चहाचे कप उचलायला गेले, तर कोड्यात तीन आडवे शब्द भरलेले होते. एक चुकलेलाही होता. मी काही बोलले नाही, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता दुसरी गोष्ट, कारण अर्धवट ज्ञान घेऊन तुम्ही घरी गेलात तर माझ्यावरच यायचं.

हे बरे झाले, पुन्हा खजिन्याचं काम थोडं थोडं बघू लागले. आणि दोन वर्षांपूर्वी सोसायटीचा एक चेक बँकेतून परत आला. सही जुळत नाही म्हणून. आठवतं? लिफ्टच्या कंपनीचा चेक होता. कमिटीत कुरबूर झाली. त्याच दिवसांत हे दुपारभर झोपत होते आणि रात्रभर जागे होते. बोलणं अडखळत होतं, चिडत होते. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बाबा पुन्हा डिप्रेस झालेत. झोपू दे त्यांना."

मी तो परत आलेला चेक हातात घेतला. सही वेडीवाकडी होती, अक्षरं एकमेकांवर चढलेली. तीस वर्षांत ह्यांची सही अशी नव्हती. विचारलं, आज वार कोणता? चुकले. म्हटलं, दोन्ही हात पुढे करा, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे पंजे उभे धरा. पंजे फडफडायला लागले. तीन दिवस पोट साफ झालेलं नव्हतं. हे डिप्रेशन नव्हतं. लिव्हरने गाळायचं अमोनियासारखं विष मेंदूपर्यंत पोचलं होतं. त्याच तासाला रिक्षा बोलावली. लॅक्टुलोज सुरू झालं, पोट साफ झालं, आणि दोन दिवसांत हे मला विचारत होते, "लिफ्टवाल्याचे पैसे गेले का?"

तेव्हा फरक लक्षात ठेवा. डिप्रेशन आठवड्यांनी चढतं; माणूस उदास असतो, पण वार, जागा, माणसं त्याला कळतात. मेंदूवर गेलेलं लिव्हर तासा-दिवसांत चढतं. गोंधळ, दिवसा झोप आणि रात्री जाग, बिघडलेलं अक्षर, फडफडणारे पंजे, विचित्र वागणं. बद्धकोष्ठ, ताप, काळी शौच, उलट्या-जुलाब यांमागून ते येऊ शकतं. तिथे उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. शंका असली तरी हॉस्पिटलच.

आणि म्हणूनच सांगते, लिव्हरच्या पेशंटला झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. शेजारच्या काकूंना लागू पडलेली असली तरी नाही. झोपेच्या गोळीने पेशंट याच गुंगीत जाऊ शकतो. तसंच "ताण कमी होतो" म्हणून अश्वगंधा, कुठला तरी काढा, डब्यातली पावडर. अश्वगंधेने आणि गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं. काहीही घेण्याआधी लिव्हरच्या डॉक्टरांना विचारा.

ज्यांच्या घरी दारूचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. दारू सोडल्यावर सुरुवातीच्या काळात मन खाली जातं, आणि ते हलकं करायला माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. तेव्हा "केलंस ते भोग" म्हणणं म्हणजे त्याला हाताने ढकलणं. आणि रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतूनही चालतात, फी नसते, नाव विचारत नाहीत.

आणि एक फोन नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, १४४१६. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. पेशंटनेच करायला हवा असं नाही. मी केला आहे. पेशंटला सांभाळणाऱ्या बाईचंही मन असतं हो. मला त्या काळात कोणी विचारलं की "हे कसे आहेत?", तर मी उत्तर द्यायचे. एकदा वॉचमनच्या बायकोने विचारलं, "मावशी, तुम्ही कशा आहात?" मला उत्तरच सुचलं नाही.

शेवटी, शेजारी म्हणून आपण काय करू शकतो? "चेहरा किती उतरलाय" असं म्हणू नका, आरसा त्यांच्याकडे आहे. "पॉझिटिव्ह विचार करा" असंही म्हणू नका. बेल वाजवा आणि म्हणा, "खाली येताय का? मी निघालोच आहे." नाही म्हणाले तर परवा पुन्हा वाजवा. सी विंगमधल्या काकांनी ह्यांच्यासाठी दोन महिने हे केलं. वीस वेळा नकार ऐकला असेल त्यांनी, एकविसाव्या वेळी हे चपला घालून निघाले. आणि सभेला कोणी सलग दोनदा आलं नाही तर दंडाची नोटीस पाठवण्याआधी एक जण घरी जाऊन या. रुसले असतील तर समजूत घालता येईल. रुसले नसतील तर फार मोठं काम होईल.

पंचवीस वर्षांत आपण दोनदा गच्ची दुरुस्त केली, पाण्याची टाकी बदलली, लिफ्ट नवी घेतली. गळती कुठे आहे ते आधी कोणाच्या तरी छताला हात लावूनच कळलं होतं. माणसांचंही तसंच.

घरी जाऊन आज एवढंच करा. घरात जुना आजार असलेलं कोणी असेल, तर रिपोर्टची फाइल बाजूला ठेवा आणि ते दोन प्रश्न विचारा. ज्यांना इथे सगळ्यांसमोर बोलायचं नाही, त्यांनी आमच्याकडे या. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते, चहा करते. हेही असतात. फक्त कोडं चालू असलं तर पाच मिनिटं थांबावं लागेल.